स्टुडंट फिल्मचा ट्रेलर दरवेळी पडतोच? टाइमलाइन उघडायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं. यातलं तुमचं कोणतं ते ओळखा.

ट्रेलर बघून मित्र "मस्त आहे यार" म्हणतो आणि फोन परत देतो, फिल्म कधी दाखवताय हे विचारतच नाही. किंवा उलट, बघणारा अख्खी गोष्ट सांगून मोकळा होतो, शेवटासकट. दीड मिनिटाचा ट्रेलर तीन मिनिटांचा वाटतो. म्युझिकचा ट्रॅक म्यूट केला की खाली काही उरतच नाही. पहिली पंधरा-वीस सेकंदं कॉलेजचा लोगो, ग्रुपचा लोगो, इंदूरच्या राजवाड्याचा ड्रोन शॉट आणि "अ फिल्म बाय" यातच जातात. फोल्डरमध्ये फायनल, फायनल टू, फायनल खरंच, फायनल सरांनी सांगितलेलं अशा फायली साठल्यात आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला वेगळीच आवडते. डायलॉग लॅपटॉपवर कळतो, फोनवर कळत नाही. शेवटी शेवटी ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे.

यातली शेवटची दोन टेक्निकल, बाकी सगळी प्लॅनिंगची. हे वेगळं करणं गरजेचं कारण बहुतेक पोरं प्लॅनिंगमध्ये राहिलेली भोकं ट्रान्झिशन आणि प्रीसेट, म्हणजे सॉफ्टवेअरमधले तयार इफेक्ट, लावून बुजवायला बघतात आणि मग ट्रेलर अजूनच गडबडतो. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, लग्नाचे व्हिडिओ कापून पोट भरतो आणि सेमिस्टर संपत आलं की मास कॉमची पोरं हाच बिघाड घेऊन दारात उभी असतात, तेव्हा मी ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम इथे देतोय, फुकटातलं आधी, खर्चाचं आणि डोकेदुखीचं शेवटी.

समजायला एकच उदाहरण धरू. समजा फिल्म बारा मिनिटांची आहे. आजोबा इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमधले जुने कामगार, मिल १९९१ ला बंद पडली, त्याआधी अनंत चतुर्दशीला मिलची जी झांकी, म्हणजे मिरवणुकीतला चित्ररथ, निघायची तिचं फिरतं चाक हेच बनवायचे. आता नातवाला माळ्यावर ते चाक सापडतं, तो ते परत फिरवायचं ठरवतो, आजोबांना ते नकोय. शेवटी चाक फिरतं. बस, एवढीच गोष्ट.

पहिली तपासणी: ट्रेलर नेमकं काय विचारतोय?

याला पैसे लागत नाहीत, कॉम्प्युटरसुद्धा लागत नाही. ट्रेलर संपल्यावर बघणाऱ्याच्या डोक्यात कोणता एक प्रश्न राहायला हवा ते ग्रुपमधल्या प्रत्येकाने एकमेकांचं न बघता कागदावर लिहायचं. "बंद मिल आणि दोन पिढ्यांमधलं अंतर" हा प्रश्न नाही, तो सबमिशनच्या फॉर्ममधला विषय आहे. "चाक फिरेल का?" हा प्रश्न आहे. "आजोबा चाकाला हात का लावू देत नाहीत?" हाही प्रश्न आहे. आणि गंमत बघा, या दोन प्रश्नांचे ट्रेलर पूर्ण वेगळे होतात, पहिल्यात नातू, पाना, ग्रीस, घाम, मिरवणुकीची तारीख जवळ येतीये असं सगळं लागेल आणि दुसऱ्यात आजोबांचा चेहरा, बंद पेटी, अर्धवट तुटलेली वाक्यं लागतील. पहिल्याचा वेग वाढत जाणार, दुसऱ्याला सुरुवातीपासून वेग दिलात तर तो मरणारच.

चार जणांनी चार वेगळे प्रश्न लिहिले असतील तर तुमच्या त्या सगळ्या फायनल फायलींचं कारण सापडलं. प्रत्येक जण आपल्या मनातला ट्रेलर एकाच टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या क्लिपा लावायच्या पट्टीवर, कापतोय. एका प्रश्नावर एकमत होईपर्यंत सॉफ्टवेअर उघडू नका, वाद घालायचाच असेल तर छप्पनवर, आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत, बसून घाला, तिथे निदान खायला तरी मिळतं.

दुसरी: आवाज बंद, मग डोळे बंद

आत्ता जो कट तयार आहे तो फोनवर घ्या. लॅपटॉपवर नाही, फोनवर, कारण तुमचा ट्रेलर लोक व्हॉट्सॲपवर चालत्या सिटी बसमध्ये बघणार आहेत. एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा. कोण माणूस, त्याला काय हवंय, काय आडवं येतंय, एवढं चित्रावरून कळायला पाहिजे. कळत नसेल तर तुम्ही डायलॉगच्या जीवावर चाललाय. मग डोळे मिटून फक्त ऐका. नुसतं म्युझिकच ऐकू आलं तर तुम्ही ट्रेलर कापलेला नाही, गाण्यावर फोटो लावलेत.

याच वेळी फिल्मचं काहीही माहीत नसलेल्या एका माणसाला दाखवून घ्या, शेजारच्या काकू चालतील, उलट काकूच बऱ्या कारण त्या तोंडावर बोलतात. "कसा वाटला" हे विचारायचं नाही, त्याचं उत्तर छानच येतं. "पुढे काय होईल असं वाटतंय?" एवढंच विचारायचं. त्यांनी शेवट बरोबर ओळखला तर पुढची तपासणी तुमच्यासाठीच आहे.

तिसरी: शॉट कुठून उचललेत?

ट्रेलरमधल्या प्रत्येक शॉटसमोर तो फिल्ममध्ये कितव्या मिनिटाला येतो ते लिहा. दोन प्रकार हमखास दिसतात. एक, सगळे शॉट पहिल्या तीन मिनिटांतले, कारण एडिट करणाऱ्याने फिल्म सुरुवातीपासून टाकली, चांगलं दिसेल ते उचलत गेला आणि वेळ भरला तिथे थांबला. दोन, शॉट फिल्मच्याच क्रमाने लागलेत, सुरुवात, मध्य, शेवट, म्हणजे ट्रेलर नाही, फिल्मचा सारांश झाला.

शेवटच्या भागातलं काही वापरायचंच नाही असं नाही. त्यातली माहिती काढून घ्यायची आणि जोर ठेवायचा. चाक फिरताना दाखवलं की खेळ खलास. पण स्क्रीन काळी ठेवून त्या चाकाचा फक्त कर्र आवाज ऐकवला तर तो बिघडल्याचा आवाज आहे की फिरल्याचा हे कोणालाच कळत नाही, आणि तुमच्या सगळ्यात भारी सीनची ताकद शेवट न फोडता वापरता येते.

उलटापालट करायला घाबरू नका. साधारण शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने दाखवून दिलं होतं की एकाच माणसाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या थाळीशेजारी लावला की तो भुकेला वाटतो आणि शवपेटीशेजारी लावला की दुःखी. तुमच्या फिल्ममध्ये आजोबा बसची वाट बघत नुसते उभे असलेला शॉट असेल तर तो चाकाच्या शॉटनंतर लावून बघा, त्यांना त्या चाकाची भीती वाटते असं दिसेल. फक्त एक सांभाळायचं, फिल्ममध्ये नसलेली फिल्म विकायची नाही. कौटुंबिक गोष्टीचा ट्रेलर भुताटकीसारखा कापलात तर स्क्रीनिंगला आलेला माणूस दहाव्या मिनिटाला उठून जाईल.

चौथी: कागदावरचं एडिट

बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

वहीची पानं फाडून चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एक शॉट किंवा एक आवाज, आणि त्याखाली त्याचं काम एका ओळीत. "आजोबांचा हात, क्लोज, काम: हे हात कधीकाळी काहीतरी बनवायचे हे कळणं." काम लिहिता येत नसेल तर ती चिठ्ठी बाजूला, शॉट कितीही सुंदर असला तरी. राजवाड्याचा ड्रोन शॉट ९९ टक्के वेळा इथेच गळतो आणि त्यावरून भांडणं होतात, होऊ देत.

मग टेक्निक ठरवायचं, आणि टेक्निकलाही काम द्यायचं. जे-कट म्हणजे पुढच्या सीनचा आवाज आधी सुरू होतो आणि चित्र नंतर येतं, एल-कट त्याच्या उलट, चित्र बदललं तरी मागचा आवाज चालूच. ट्रेलरमध्ये जे-कट बघणाऱ्याला पुढे ओढतो, कारण आवाज कशाचा ते शोधायला त्याला पुढचं चित्र बघावंच लागतं. एल-कटने एकाचं बोलणं दुसऱ्याच्या चेहऱ्यावर टाकता येतं, आजोबा बोलतायत आणि आपल्याला नातवाचा चेहरा दिसतोय. मॅच-कट, म्हणजे चाकाच्या गोलावरून सायकलच्या चाकावर किंवा पोळीवर, हा अख्ख्या ट्रेलरमध्ये एकदाच शोभतो, दुसऱ्यांदा केला की शहाणपणा दिसतो. मोंटाज, म्हणजे छोट्या शॉटांची सलग माळ, वेळ किंवा धडपड साठत जाताना दाखवायला, उरलेले चांगले शॉट कोंबायला नाही. आणि एकदम काळी स्क्रीन अधिक शांतता ही सगळ्यात ताकदीची आणि फुकटची गोष्ट, पण ती चार वेळा वापरलीत तर लोकांना वाटतं नेट गेलं.

"आजोबा चाकाला हात का लावू देत नाहीत?" हा दुसरा प्रश्न धरून ७५ सेकंदांचं कागदावर कसं दिसेल ते सांगतो. पहिली आठ सेकंदं लोगो नाही, काही नाही, अंधार, माळ्यावरची पेटी उघडल्याचा आवाज, चित्र येतं तेव्हा नातवाचा चेहरा आणि मागून आजोबांचा आवाज, "हात लावू नको." मग नाव किंवा लोगो, दोन सेकंदं, पुरे. तिथून साधारण पंचवीसाव्या सेकंदापर्यंत घर, आजोबा, गल्ली, शॉट लांब ठेवायचे कारण माणसं ओळखीची व्हायला वेळ लागतो. पन्नासपर्यंत नातू विचारतोय आणि आजोबा टाळतायत, इथे एल-कट, प्रत्येक प्रश्न नातवाच्या तोंडी आणि कॅमेरा आजोबांवर. मग दहा-पंधरा सेकंदं वेग, पाना, गंज, मिरवणुकीची गर्दी, आजोबांचा उगारलेला हात, आणि एकदम काळं. तीन सेकंदं काहीच नाही. मग काळ्यावर तो कर्र आवाज, फिल्मचं नाव, आणि नावानंतर आजोबांचं एखादं छोटं कोरडं वाक्य.

यात वेगाचा भाग मधल्या संथ भागामुळेच वेगवान वाटतो. सुरुवातीपासूनच दर सेकंदाला कट मारत गेलात तर शेवटी वाढवायला काही शिल्लकच राहत नाही, आणि दीड मिनिटाचं तीन मिनिटं वाटण्याचं कारण बहुतेक हेच असतं. एकसारख्या लांबीचे शॉट सलग लागले की संथ असो वा वेगवान, कंटाळा येतोच. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ६ फ्रेम म्हणजे पाव सेकंदसुद्धा नाही, त्यात चाक किंवा हात ओळखू येईल पण नवीन माणसाचा चेहरा नाही, त्याला निदान दुप्पट द्या.

पडद्यावर मजकूर टाकत असाल तर कार्ड मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवा. इंदूरच्या फिल्ममध्ये आजोबा मराठी, नातू हिंदी आणि पानवाला माळवी बोलणार, म्हणजे सबटायटल आलेच, तर सबटायटल आणि मजकुराचं कार्ड एकाच वेळी कधीच नको. देवनागरीत वेलांटी सुटी पडत असेल किंवा जोडाक्षर तुटत असेल तर फॉन्टला शिव्या घालण्याआधी सॉफ्टवेअरच्या टेक्स्ट सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय आहे का बघा, आणि नाहीच जमलं तर कार्ड दुसरीकडे बनवून पारदर्शक पीएनजी म्हणून आणा.

पाचवी: म्युझिक कधी आलं?

टाइमलाइनवर सगळ्यात आधी गाणं टाकलं असेल तर ते काढा. आधी फक्त डायलॉग आणि आवाज लावा, रेडिओवर लागल्यासारखं ते एकटं उभं राहायला पाहिजे. नंतर म्युझिक. प्रत्येक बीटवर कट मारला की तिसऱ्या कटला बघणाऱ्याला चौथा कळतो, म्हणून मोजके तीन-चार दणकेच बीटवर, बाकीचे थोडे आधी किंवा थोडे नंतर.

सिनेमाचं गाणं वापरू नका. "नो कॉपीराइट इन्टेन्डेड" किंवा डिस्क्रिप्शनमध्ये क्रेडिट म्हणजे परवानगी नाही. यूट्यूबची कन्टेन्ट आयडी यंत्रणा ते ओळखते आणि फेस्टिव्हलवाले म्युझिकच्या हक्कांबद्दल विचारतातच. चालीचे हक्क वेगळे आणि रेकॉर्डिंगचे वेगळे, त्यामुळे जुनं गाणं मित्राने गायलं म्हणून सुटका होत नाही. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट ट्रॅक आहेत, क्रिएटिव्ह कॉमन्सचे घेतलेत तर अटी वाचून घ्या. आणि खरं सांगू का, ओळखीत कोणी हार्मोनियम किंवा ढोल वाजवणारा असेल तर त्याच्याकडून नवीन काहीतरी वाजवून घ्या, लेखी परवानगी घ्या, ते कुठल्याही डाउनलोड केलेल्या "एपिक" ट्रॅकपेक्षा तुमच्या फिल्मचं वाटेल.

सहावी: लेव्हल

डायलॉगचे पीक, म्हणजे आवाजाची सगळ्यात वरची टोकं, साधारण उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये, बोलणं चालू असताना म्युझिक स्पष्टपणे खाली, आणि एकूण पीक उणे १ च्या वर जाऊ द्यायचं नाही. सगळं लाल होईपर्यंत वाढवून उपयोग नसतो, कारण यूट्यूब जोरातला आवाज साधारण उणे १४ लफ्सपर्यंत (लफ्स म्हणजे एकूण आवाज किती जोरात वाटतो त्याचं माप) खाली आणतं, मग तुमच्याकडे फक्त चिरडलेला आवाज उरतो. फोनच्या स्पीकरला खालचा बास जवळजवळ येतच नाही, म्हणून ते भुम्म करणारं दणक्याचं साउंड तिथे गायब होतं. त्याच्या जोडीला वरच्या पट्टीतलं काहीतरी द्या, लोखंडाचा खणक, दाराची कडी.

सातवी: ओठ आणि आवाज

आधी बघा की फरक सुरुवातीपासून सारखाच आहे की वाढत जातोय. सारखा असेल तर आवाजाची क्लिप सरकवा, काम झालं. वाढत जात असेल तर संशय फोनच्या फुटेजवर घ्या, फोन बऱ्याचदा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, बदलता ठेवून शूट करतो, ३० म्हणतो आणि मध्ये २८-२९ वर येतो, एडिटिंग सॉफ्टवेअरचा त्यात गोंधळ होतो. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून क्लिपा कन्व्हर्ट करा आणि मग एडिटमध्ये घ्या. हे एडिट सुरू करायच्या आधी करायचं असतं, अर्ध्यात केलंत तर प्रत्येक कट परत तपासायला लागतो. मूळ फायली डिलीट करू नका.

याच रांगेतले दोन बिघाड पटकन सांगतो. नवीन आयफोनचं फुटेज पांढरं फटक दिसत असेल तर ते बहुतेक एचडीआरमध्ये, म्हणजे जास्त उजेड-अंधार पकडणाऱ्या मोडमध्ये, शूट झालंय, सॉफ्टवेअरमध्ये त्याची कलर स्पेस बदलून साध्या व्हिडिओची करून घ्या, नुसता ब्राइटनेस कमी करून ते नीट होत नाही. ट्यूबलाइटखाली पट्टे किंवा थरथर असेल तर कारण आपली ५० हर्ट्झची वीज, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून शूटिंगच्या वेळीच शटर १/५० किंवा १/१०० सेकंदाला ठेवायचा. शूट झाल्यावर कळलं तर तो शॉट ट्रेलरमधून काढणं सगळ्यात स्वस्त.

आठवी: शॉटच नाहीये

सगळं करूनही मधे भोक राहत असेल तर कधीकधी ट्रेलरला लागणारा शॉट फिल्ममध्ये काढलेलाच नसतो. हात, कुलूप, साखळी, रिकामी खुर्ची, असले छोटे शॉट त्याच घरात, त्याच वेळेच्या उजेडात, त्याच कपड्यांत काढून आणा. डायलॉग परत घ्यायचा असेल तर कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर रजई लावून घ्या आणि चेहरा न दिसणाऱ्या शॉटवर टाका.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

मेमरी कार्ड लावल्यावर "फॉर्मॅट करा" असं येतंय किंवा क्लिपा शून्य केबीच्या दिसतायत तर लगेच कार्ड काढा, त्यावर अजून शूट करू नका, त्याच कार्डावर रिकव्हरी केलेल्या फायली सेव्ह तर अजिबात करू नका, जुन्या डेटावर नवीन लिहिलं गेलं की तो परत येत नाही. हार्ड डिस्क टकटक करत असेल तर त्या क्षणी वायर काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, "अजून एकदा लावून बघू" करू नका.

आवाज रेकॉर्डिंगच्या वेळीच फाटलाय, किंवा पंख्याचा आवाज काढता काढता आजोबा पाण्याखालून बोलल्यासारखे वाटायला लागले, तर नॉइज रिडक्शन अजून वाढवू नका, साउंडवाल्याला मूळ फाइल द्या, प्रोसेस केलेली नाही. ट्यूबलाइटमुळे थरथरणारा शॉट काढून चालतच नसेल तर कलरवाल्याला दाखवा. थिएटरमध्ये दाखवायचं असेल तर डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरला लागणाऱ्या फायली, बनवणाऱ्याशी बोला, आणि सार्वजनिक खेळांआधी ट्रेलर लावायचा असेल तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र ट्रेलरलाही लागतं, ते काम शेवटच्या दिवशी होत नाही.

जाताना पेन ड्राइव्हवर नुसती फायनल फाइल नेऊ नका. प्रोजेक्ट, सगळं मूळ फुटेज, डायलॉग-म्युझिक-इफेक्ट वेगवेगळे एक्स्पोर्ट केलेले ट्रॅक आणि त्या चिठ्ठ्यांचा फोटो न्या, आणि घरी एक कॉपी ठेवूनच निघा. तिथे गेल्यावर "जरा सिनेमॅटिक करून द्या" म्हणू नका, त्याचे तासाप्रमाणे पैसे लागतात आणि दोघांच्या डोक्यात सिनेमॅटिक वेगळं असतं. "३२ ते ४१ सेकंद, पंख्याचा आवाज, आजोबांची शेवटची दोन वाक्यं ऐकू आली पाहिजेत" असं लिहून द्या.